वाचकांचे प्रश्न : पहिली ते चौथीच्या वर्षांकडे आज पाहताना

शाळा उघडण्याच्या दिवसांत या सदराकडे येणारी पत्रे बहुधा प्रवेश, माध्यम आणि शिकवणीविषयी असतात. या वेळी मात्र बरीचशी पत्रे मोठ्या माणसांची होती आणि ती मुलांच्या शाळेपासून सुरू होऊन पत्र लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या पहिली-दुसरीपाशी येऊन थांबली होती. त्यांतली चार येथे घेतली आहेत. लेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे आणि लांब पत्रे थोडी आवरती केली आहेत. माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत, पहिली ते चौथीच्या वर्गांवर गेली, त्यामुळे उत्तरे त्या वर्गांत जे पाहिले त्याच्या आधारे दिली आहेत.

प्रश्न : माझे आईवडील ऊसतोडीला जात. दसरा झाला की आमचे गाव अर्धे रिकामे व्हायचे आणि आम्ही बैलगाडीसह कारखान्यावर जायचो, ते एप्रिलात परत. १९९२-९३ साली मी तिसरीत होतो. परतल्यावर आठ दिवसांत वार्षिक परीक्षा झाली, गणितात शंभरपैकी एकतीस गुण पडले आणि मी नापास झालो. प्रगतीपुस्तकावर ‘अभ्यासात कच्चा, लक्ष देत नाही’ असा शेरा होता. ते प्रगतीपुस्तक अजून माझ्या ट्रंकेत आहे. पुढे मामाकडे राहून बारावी केली, आज एसटीत वाहक आहे, रोजचा हिशेब कधी चुकत नाही. पण माझी मुलगी यंदा तिसरीत आहे, तिला सातचा पाढा येत नाही म्हणून मी परवा तिच्यावर फार ओरडलो आणि नंतर मलाच वाईट वाटले. ती विचारते, ‘बाबा, तुम्ही तिसरीत हुशार होता का?’ मी तिला काय सांगू? मी खरोखरच कच्चा होतो का?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : तुमचे पत्र वाचल्यावर मी कागदावर एक हिशेब मांडला, तो तुम्हीही मांडून पाहावा. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. १९९२ साली दसरा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होता. मधले रविवार, पोळा, गणपती आणि इतर सुट्ट्या वजा केल्या तर तुम्हाला त्या वर्षी शाळेचे फार तर ऐंशी-पंच्याऐंशी दिवस मिळाले. आजच्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलेले आहे, आणि तेव्हाही शाळेचे वर्ष साधारण तेवढेच असे. म्हणजे ज्यांनी पूर्ण वर्ष शिकून घेतले होते त्यांच्या शेजारी बसून, निम्म्याहून कमी वर्ष शिकलेल्या मुलाने तोच पेपर सोडवला. त्याने गणितात एकतीस गुण मिळवले, हे मी मुळीच कमी समजत नाही.

कोणते दिवस बुडाले, हेही पाहायला हवे. तिसरीच्या पहिल्या सत्राचा बराचसा वेळ दुसरीच्या उजळणीत जातो. गुणाकाराची पक्की घडी बसते, भागाकार सुरू होतो आणि शाब्दिक उदाहरणे वाचून कोणती क्रिया करायची हे मूल ठरवू लागते, ते दिवाळीनंतर. पाढे तोंडपाठ होतात तेही याच महिन्यांत, रोज शाळा सुटण्याआधी सगळा वर्ग एका सुरात म्हणतो म्हणून. तुम्ही त्या सुरात नव्हता. ज्या भागावर परीक्षेचा सर्वांत जास्त भार होता, तो भाग तुम्हाला कोणी शिकवलेलाच नव्हता, आणि न शिकवलेले न येणे याला कच्चेपणा म्हणत नाहीत. ‘लक्ष देत नाही’ हा शेरा चुकीचा होता, हे मी शिक्षिका म्हणून स्पष्टपणे लिहिते. मात्र ज्यांनी तो लिहिला त्यांच्याविषयी मनात अढी ठेवू नये, कारण दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे अशा शाळेत एप्रिलात परतलेल्या मुलांसाठी वेगळे काही करण्याची सोयच नव्हती. अशा मुलांसाठी साखरशाळा तेव्हा मोजक्याच ठिकाणी होत्या.

आता त्या सहा महिन्यांविषयी. तुमच्या मूळ पत्रात एक ओळ आहे, जी तुम्ही सहज लिहून गेला आहात : ‘काट्यावरची पावती मीच दादांना वाचून दाखवायचो.’ या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. कारखान्याच्या काट्यावर आधी भरलेल्या गाडीचे वजन होते, ऊस उतरल्यावर रिकाम्या गाडीचे होते, आणि पहिल्यातून दुसरे वजा करून निव्वळ ऊस किती ते पावतीवर येते. समजा भरलेली गाडी ३,४१० किलो आणि रिकामी ९२० किलो, तर ऊस २,४९० किलो. ही चार अंकी, हातच्याची वजाबाकी आहे. ती तुम्ही कोपीबाहेर, म्हणजे तोडकऱ्यांच्या खोपटाबाहेर उभे राहून, मुकादमाच्या वहीतला आकडा बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी करत होता, कारण त्या आकड्यावर घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम फिटणार होती. शाळेत हे उदाहरण फळ्यावर आले असते तर चुकल्यास एक गुण गेला असता. तेथे चुकल्यास घरचे पैसे गेले असते. नऊ वर्षांच्या मुलावर ही जबाबदारी असणे योग्य नव्हते आणि त्याचे कौतुक करून बुडालेल्या शाळेची भरपाई होत नाही. परंतु ‘मी कच्चा होतो का’ असे तुम्ही विचारले आहे, आणि त्या मुलाला आकडे कळत होते याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे.

त्या काळी तिसरीत नापास करण्याची पद्धत होती. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला तेव्हा आठवीपर्यंतचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला मागे ठेवू नये असे ठरले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीपुरती परीक्षेची आणि मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, तिसरीला मात्र ती लागू नाही. याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार योग्य वर्गात बसवून त्याच्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे असते आणि पाचव्या कलमानुसार गाव बदलल्यास दाखल्यासाठी अडवून न ठेवता त्याला दुसऱ्या शाळेत घ्यावे लागते. मुलांना मागे गावात ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहेही निघाली. ही व्यवस्था सगळीकडे नीट चालते असे मी म्हणणार नाही, आजही दसऱ्यानंतर पट रिकामा होणाऱ्या शाळा तुमच्या जिल्ह्यात आहेत. पण दोष मुलाचा नसून मध्येच तुटणाऱ्या शाळेचा आहे, हे आता कायद्यानेच मान्य केले आहे.

मुलीला काय सांगावे? जसे घडले तसे सांगावे. तिला प्रगतीपुस्तक दाखवायला हरकत नाही, मात्र त्यासोबत वर मांडलेला दिवसांचा हिशेबही दाखवावा आणि शक्य असल्यास तो तिच्याकडूनच करून घ्यावा. तिसरीतल्या मुलीला तो जमण्यासारखा आहे. तिला काट्याच्या पावतीची वजाबाकी घालावी. बापाने तिसरीत काय सोसले हे ऐकून मुले घाबरत नाहीत. बाप आपल्यावर का ओरडला हे कळत नाही तेव्हा ती घाबरतात. तिला झाल्या ओरडण्याचे कारणही सांगून टाकावे.

सातचा पाढा बहुतेक मुलांना उशिरा येतो, कारण पाच किंवा दहाच्या पाढ्यासारखी त्याला कानाला लागणारी चाल नाही. तो पाठ करवण्याआधी तिला बांधू द्यावा : पाचचा पाढा आणि दोनचा पाढा शेजारी शेजारी लिहून ओळीओळीने बेरीज केली की सातचा तयार होतो. पाच चोक वीस आणि दोन चोक आठ, म्हणून सात चोक अठ्ठावीस. एकदा तो स्वतः तयार केला की विसरल्यावर पुन्हा कसा मिळवायचा हे तिला माहीत असते, आणि मग पाठांतराला एक आठवडा पुरतो. तुम्हाला भागाकार आणि अपूर्णांक अजून नकोसे वाटतात असे तुम्ही लिहिले आहे, तर तिसरी-चौथीची गणिताची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तिच्याबरोबर बसून तुम्हीही ती सोडवावीत. बुडालेले सत्र बेचाळिसाव्या वर्षी भरून काढता येते, आणि वाहकाच्या नोकरीत रोज आकड्यांशी खेळणाऱ्या माणसाला त्यासाठी एक पावसाळा पुष्कळ आहे.

प्रश्न : शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे. आई सांगते की माझा जन्म दिवाळीच्या पाडव्याचा. गुरुजी पटनोंदणीला घरी आले आणि मोठ्या बहिणीबरोबर मलाही नोंदवून गेले. मी शाळेत बसले तेव्हा सहाची पुरी नव्हते. चौथीपर्यंत मी वर्गात सर्वांत मागे होते, अक्षर वाईट, फळ्यावरचे उतरवून होईपर्यंत फळा पुसलेला असायचा, मग रडणे. सगळे मला रडूबाई म्हणत. सातवीनंतर अचानक सगळे जमू लागले, याचे मला आजही आश्चर्य वाटते. आता माझा मुलगा डिसेंबरात सहा वर्षांचा होईल. शाळा म्हणते, यंदा पहिलीत घेता येईल. सासूबाई म्हणतात, वर्ष कशाला वाया घालवायचे. माझे मन होत नाही. माझ्या जुन्या अनुभवामुळे मी उगीच घाबरते आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पिढीतल्या आणि तुमच्या आधीच्या पिढीतल्या हजारो मराठी माणसांचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनला येतो. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ पासून होता, पण बाळंतपणे घरी होत, नोंद राहून जाई, आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने १ जून लिहिले की वयाचा प्रश्न मिटे. गुरुजींचा हेतू चांगलाच असे. मुलगी शाळेत आली पाहिजे, नाहीतर धाकट्याला सांभाळायला घरी राहील, ही भीती खरी होती. परंतु त्यामुळे एकाच वर्गात साडेपाच वर्षांची आणि पुरी सात वर्षांची मुले एका ओळीत बसली, आणि त्यांच्यातला फरक वयाचा आहे हे कागद पाहून कोणाला कळण्याची सोयच राहिली नाही.

त्या वयात वर्षाचा फरक फार मोठा असतो, कारण तो मुलाच्या आजवरच्या सगळ्या आयुष्याचा सहावा हिस्सा असतो. बोटांचे लहान स्नायू पेन्सिल धरण्याइतके तयार होणे, फळ्यावरचा शब्द डोळ्यांत साठवून वहीत उतरेपर्यंत लक्षात ठेवणे, एका जागी अर्धा तास बसणे, या गोष्टी वयाबरोबर येतात. अनेक देशांत झालेल्या अभ्यासांतून हेच दिसले आहे की वर्गातली वयाने सर्वांत लहान मुले पहिल्या काही इयत्तांत सरासरीने मागे असतात आणि पुढे हा फरक कमी होत जातो. सातवीनंतर तुम्हाला अचानक जमू लागले नाही. बाकीची मुले तुमच्यापुढे जेवढ्या अंतरावर होती ते अंतर तोवर नाहीसे झाले. फळा पुसला जाईपर्यंत अर्धेच उतरवून होणारी ती मुलगी तिच्या खऱ्या वयाच्या मानाने व्यवस्थित चालली होती, आणि चार वर्षे रोज मागे पडूनही ती रोज शाळेत जात राहिली, हे आज तुम्ही तिच्या बाजूने नोंदवावे.

मुलाविषयी म्हणाल, तर आपल्या राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरून सहा वर्षे मोजली जातात, म्हणून शाळा म्हणते ते नियमात आहे. यंदाची सूचना शाळेत पाहून घ्यावीच. पण नियमात बसणे म्हणजे सक्ती नव्हे. डिसेंबरात सहा पूर्ण करणारे मूल वर्गातल्या सर्वांत लहान मुलांपैकी असणार, हे धरून निर्णय करावा. मुळाक्षरे येतात का, हे मी अशा वेळी पाहत नाही. तो शौचाला एकटा जाऊन येतो का, डबा उघडून जेवून पुन्हा बंद करतो का, अनोळखी मोठ्या माणसाला आपले म्हणणे सांगू शकतो का, गोष्ट शेवटपर्यंत ऐकून तिच्यातले काय आवडले ते बोलतो का, हे पाहते. अंगणवाडी किंवा बालवाडीच्या ताईंना विचारावे, कारण त्यांनी त्याला इतर मुलांच्या घोळक्यात पाहिलेले असते. उत्तरे बहुतेक ‘हो’ असतील तर निश्चिंतपणे पाठवावे, आणि मग अक्षर वाईट आले किंवा लिहायला वेळ लागला तरी दोन वर्षे त्यावर एक शब्द बोलू नये. उत्तरे बरीचशी ‘नाही’ असतील तर आणखी एक वर्ष बालवाडीत राहू द्यावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही सगळी वर्षे एकच पायाभूत टप्पा मानली आहेत, तेव्हा बालवाडीतले वर्ष वाया गेले असे सासूबाईंनाही वाटायला नको.

तुम्ही उगीच घाबरत नाही. तुम्हाला या गोष्टीची माहिती आहे, आणि ती तुम्ही फार महाग मोल देऊन मिळवलेली आहे. घरात ती तशीच शांतपणे मांडावी. एवढे मात्र करावे की मुलाची जन्मतारीख जी आहे तीच राहू द्यावी. वर्षभर पुढेमागे करण्यासाठी कोणी तारीख ‘बसवून’ द्यायला निघाले तर नाही म्हणावे.

प्रश्न : मी मूळची सिंधुदुर्गातली, लग्नानंतर वडोदऱ्यात स्थायिक झाले. मला पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि गावीच असतात. त्यांच्यामुळे मला वाचनाची गोडी लागली. इतक्या वर्षांत कधी कळवले नाही, आता कळवणे विचित्र दिसेल का? त्यांना मी आठवतही नसेन.
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : याच आठवड्यात पत्र लिहावे. तुम्ही त्यांना आठवत असाल की नाही हा प्रश्न मनातून काढून टाकावा. पहिलीच्या बाईंच्या हाताखालून शेकड्याने मुले गेलेली असतात आणि त्या वयातले चेहरे पुढे ओळखू येत नाहीत, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. म्हणून कोणत्या वर्षी, कोणत्या वाडीतून, कोणाची मुलगी म्हणून शाळेत यायची ते आधी लिहावे. कोकणात ‘कोणाची’ हे कळले की पुढचे सगळे आठवते.

‘तुमच्यामुळे मी घडले’ एवढेच लिहून थांबू नये, ते सगळेच लिहितात. बाईंनी नेमके काय केले ते लिहावे. तुमच्या पत्रात आहे की पावसाने शाळा गळू लागली की त्या सगळ्या मुलांना कोरड्या कोपऱ्यात दाटीने बसवून पुस्तक मोठ्याने वाचत आणि ऐन रंगात आले की पान मिटून ‘पुढचे उद्या तू वाच’ असे एकेकाला सांगत. हे असेच्या असे लिहावे. पहिलीच्या शिक्षिकेला आपल्या कामाचे फळ दिसत नाही, कारण मूल वाचायला लागले की वरच्या वर्गात जाते आणि पुढचे सगळे श्रेय पुढच्यांना मिळते. आपण सहज केलेली एखादी गोष्ट कोणाच्या तरी उपयोगी पडली, हे नेमकेपणाने कळणे तिला फार मोलाचे असते. अक्षर मोठे काढावे आणि ओळींत अंतर ठेवावे. दिवाळीत गावी जाणार असाल तर तोवर थांबू नये, आधी पत्र पाठवावे आणि मग भेटायला जावे.

प्रश्न : बाई, मी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातली आहे. घरी आम्ही पावरी बोलतो. सध्या डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. मी पहिलीत होते तेव्हा वर्षभर वर्गात एक शब्दही बोलले नाही, कारण गुरुजी काय म्हणतात ते मला कळत नव्हते. ते घरी येऊन विचारून गेले की मुलगी मुकी आहे का. घरी तर मी दिवसभर बडबडायची. ते वर्ष आठवले की आजही मला लाज वाटते. आता मीच शिक्षिका होणार आहे आणि कदाचित अशाच शाळेत जाईन. पहिल्या दिवसापासून मी पावरी बोलले तर चालेल का? साहेब तपासणीला आले तर? आणि मग मुलांचे मराठी कच्चे राहील असे आमच्याच गावातले लोक म्हणतात, त्यांना काय सांगू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देते, पण आधी त्या लाजेविषयी. दुसऱ्या भाषेत येऊन पडलेली लहान मुले बऱ्याचदा काही महिने बोलत नाहीत. भाषाशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांना हा काळ चांगला परिचित आहे. या काळात मूल आवाज ऐकत असते, कोणत्या आवाजाला वर्ग उभा राहतो, कोणत्या आवाजाला पाटी काढतो, कोणत्या आवाजाला जेवायला जातो हे जोडत असते. तूच लिहिले आहेस की दुसरीत गेल्यावर तू एकदम पूर्ण वाक्ये बोलू लागलीस आणि वर्ग हसला. ती वाक्ये कोठून आली? वर्षभर कोणी शिकवत नसताना तू ती ऐकून ऐकून जमवलीस. सहा वर्षांच्या मुलीने एकटीने केलेला तो अभ्यास होता, आणि त्याची नोंद कोठेच झाली नाही.

आता पहिला प्रश्न. पावरी बोलावीस, पहिल्या दिवसापासून आणि मोकळेपणाने बोलावीस. राज्यघटनेच्या ३५० क कलमाने भाषिक अल्पसंख्य गटांतल्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय देण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा असे सांगितले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात अध्यापनाचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावी असे म्हटले आहे, आणि २०२० च्या धोरणात तर निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. साहेब तपासणीला आले तर हेच शांतपणे सांगावेस आणि तुझी दैनिक टाचणवही दाखवावीस, ज्यात कोणता भाग पावरीतून समजावला आणि कोणते मराठी शब्द त्या दिवशी दिले हे लिहिलेले असेल. नोंद असली की प्रश्न विचारणाऱ्यालाही समाधान वाटते. चांगले अधिकारी अशी वही पाहून दुसऱ्या शाळांना दाखवायला नेतात, हेही मी पाहिले आहे.

हे काम आपल्याकडे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासी मुलांमध्ये नेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी अंगणात शाळा भरवली, मोठी मुले गुरे राखायला जातात म्हणून कुरणात शाळा नेली, आणि विकत आणलेल्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने आणि खडे मोजायला घेतले. त्या बाहेरच्या होत्या आणि त्यांना मुलांचे जग आधी समजून घ्यावे लागले. तू त्या जगातलीच आहेस. ज्या गोष्टीची तुला लाज वाटते, ती तुझ्या वर्गात तुझी सर्वांत मोठी सोय ठरणार आहे.

गावातल्या लोकांची काळजी मात्र खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस. पुढे पाचवीला दुसऱ्या शाळेत, मग दहावीला, मग नोकरीला मराठी लागणार आहे, आणि मराठी न आल्यामुळे कार्यालयात खाली मान घालून उभे राहण्याचा अनुभव त्यांनी घेतलेला आहे. त्यांना सांग की मराठी पक्की व्हावी म्हणूनच सुरुवात पावरीतून करायची आहे. वाचायला शिकणे म्हणजे आवाज आणि अक्षर यांची जोडणी कळणे. ती जोडणी माहीत असलेल्या शब्दावर लवकर कळते, कारण वाचलेले बरोबर आहे की नाही हे मूल स्वतःच कानाने ताडून पाहू शकते. ज्या शब्दाचा अर्थच माहीत नाही तो बरोबर वाचला तरी मुलाला ते कळत नाही. घरच्या शब्दांवर देवनागरी अक्षरे एकदा बसली की तीच अक्षरे मराठी शब्दांनाही चालतात, पुन्हा शिकावी लागत नाहीत.

पहिल्या महिन्यात काय करायचे ते अगदी थोडक्यात सांगते, बाकी तुला वर्गात सुचेल. मुलांनी सांगितलेले पावरी शब्द देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिही आणि ज्या वस्तूचा शब्द आहे तिच्यावर चिकटव, पाण्याच्या माठावर, दारावर, झाडूवर. त्याच्याखाली दुसऱ्या रंगात मराठी शब्द असू दे. आठवड्यातून एकदा गावातली एखादी आजी वर्गात येऊन गोष्ट सांगेल असे कर. गोष्ट पावरीत होईल, तू तिची चार सोपी वाक्ये मराठीत करून फळ्यावर लिही आणि मुलांना त्यावर चित्र काढू दे. रोजच्या वापरातली मराठी वाक्ये, म्हणजे ‘मला पाणी हवे’, ‘मला कळले नाही’, ‘पुन्हा सांगा’, ही पहिल्या आठवड्यातच खेळातून पक्की करून घे, कारण तू पहिलीत असताना तुला याच तीन वाक्यांची सर्वांत जास्त गरज होती. दिवाळीनंतर मराठी हळूहळू वाढव. जे मूल बोलत नाही त्याला उभे करून बोलायला लावू नकोस. त्याला काम सांग, खडू आणायला, पाट्या वाटायला, आणि ते सांगितलेले बरोबर करते का ते पाहा. करत असेल तर ते ऐकते आहे आणि त्याला समजते आहे. तसे त्याच्या आईला घरी जाऊन पावरीत सांगून ये.

डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, तुझ्या जिल्ह्यातल्या बोलीभाषांसाठी काही शब्दपुस्तिका किंवा चित्रकोश तयार झाले असतील तर ते आत्ताच, विद्यार्थिनी असतानाच मागून घे. नसतील तर सराव पाठाच्या काळात मुलांकडून शब्द गोळा करायला लाग, पुढच्या वर्षी ती वही तुझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तुझ्याजवळ तयार असेल. तुझी नेमणूक कोठे झाली ते मला जरूर कळव.